उमटलेला अंगारा

“…तर मग येत्या गुरुवारपासून सुई बंदच करू ना, माई?”

 माई ओट्यावर बसून तूरडाळ पाखडत होती. सुपातला एक खडा तिनं उचलला आणि लांब भिरकावला.

“माई, मी काय म्हणतो…”

“ऐकलं. बहिरी नाही मी.”

अंबादास हात जोडून तसाच बसून राहिला.

डोंगराच्या सोंडेवरचा हा नाथांचा मठ म्हणजे काय, तर एक समाधी, वर पत्रा, शेजारी चूल आणि चिंचेखाली ओटा. मठ सांभाळते ठकूमाई. लोक तिला गुरू मानतात. ती लोकांना काय मानते, ते तिच्या तोंडावर लगेच दिसतं.

अंबादास तिचा जुना शिष्य. गळ्यात माळ, कपाळाला राख, पायात काही नाही. वर्षापूर्वी पोरीला साखरेचा आजार निघाला, त्या दिवसापासून त्यानं चप्पल सोडली होती. आणि सोडली ती गप सोडली नाही. भेटेल त्याला टाचा दाखवायचा.

पोरगी त्याच्या मागं, चिंचेच्या बुंध्याला टेकून बसली होती. कार्तिकी. दहा संपून अकरावं लागलेलं, पण पाठीमागून बघितलं तर सातचं लेकरू वाटावं. हातांच्या काड्या झालेल्या. आल्यापासून तिनं तांब्याभर पाणी संपवलं होतं. आता ती पुन्हा माठाकडं बघत होती.

“पी गं बाळा. विचारायचं नाही,” माई म्हणाली. मग अंबादासकडं वळली. “कशापायी बंद करायची सुई?”

“दोन औषधं भांडतात, माई. एकीकडं डॉक्टरची सुई, एकीकडं तुमचा अंगारा. म्हणून साखर उतरत नाही. डॉक्टर दर खेपेला औषधाचा आकडा वाढवतो आणि साखर तिथल्या तिथंच. आता अंगाऱ्याला एकट्याला मोकळं सोडू.”

“असं कोण म्हणलं?”

“मला उमगलं.”

“कुठं?”

“ध्यानात.”

माईनं सूप खाली ठेवलं.

“ध्यानात,” ती म्हणाली. “आणि त्या ध्यानात हे नाही उमगलं, की ह्या आजारातल्या पोरांची सुई तोडली की पोर चार दिवस काढत नाही?”

अंबादास हसला. आतली गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं वाटणारा माणूस हसतो, तसं.

“पुरावा हाय, माई. अंगारा उमटलाय.”

“उमटलाय म्हणजे?”

“तिच्या अंगावर. वर उठून आलाय. कार्तिकी, ऊठ. माईला दाखव.”

पोरगी उठली नाही.

“ऊठ की गं. लाजायचं काय त्यात?”

“सारखं सगळ्यांना काय दाखवायचं, पप्पा?” पोरगी चिडून म्हणाली. “परवा त्या शेजारच्या नानीनं त्याला हळदकुंकू लावलं. पाया पण पडली.”

माई अंबादासकडं बघत राहिली.

“गावातल्या बाया दर्शनाला येतात,” अंबादासनं खुलासा केला. “मी बोलवत नाही. आपोआप येतात.”

“तू तिकडं तोंड कर.”

“माई…”

“तिकडं. कुंपणाकडं.”

तो वळला. माईनं पोरीला हात केला. “ये बाळा. नको वाटत असलं तर नको दाखवू.”

पोरगी आली. तिनं कुडता जरासा वर केला.

बेंबीच्या डाव्या अंगाला, कातडीखाली, अर्ध्या लिंबाएवढं काहीतरी वर आलेलं होतं. त्यावर राख फासलेली. माईनं पदरानं राख पुसली. बोटानं दाबून बघितलं. मऊ होतं, भिजवलेल्या कणकेसारखं.

“दुखतं?”

“नाही. तिथं काहीच कळत नाही.”

माईनं कुडता खाली सोडला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ काढला नाही.

“अंबादास, इकडं बघ. सुई कुठं देतोस?”

“अंगाऱ्यावर.”

“नीट सांग.”

तो नीट सांगू लागला. मोठ्या अभिमानानं. दवाखान्यात पहिल्या दिवशी सिस्टरनं शिकवलं तेव्हा पोरगी इतकी किंचाळली, की सगळा वॉर्ड बघायला लागला. मग घरी आल्यावर त्यानं आधी अंगाऱ्याचं बोट पोटाला लावलं, आणि त्या बोटाच्या खुणेवर सुई दिली. त्या दिवशी पोरगी कमी रडली. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर. अजून कमी. पुढं तर रडायचीच नाही.

“तेव्हापासून नेम धरला, माई. आधी अंगारा, मग त्याच्यावर सुई. सकाळ-दुपार-रात्र, एकदा मोडला नाही. तिच्या आईला हात लावू देत नाही मी. माझा हातच इतका हलका, की पोरगी तोंडातला घास चावत राहते.”

“वर्षभर? तिथंच?”

“जागा बदलली तर नेम कसला?”

“दवाखान्यात सांगितलं नव्हतं, जागा बदलत जा म्हणून?”

“सांगितलं होतं. पण त्यांना अंगाऱ्यातलं काय कळतंय?”

माईनं एकदा आभाळाकडं बघितलं. आभाळानं काही मदत केली नाही.

“आणि सुई? ती तरी दर वेळी नवी लावतोस ना?”

“एक सुई महिनाभर पुरवतो.”

“का?”

“तिला पोरीच्या अंगाची सवय झालेली असते.”

“सुईला.”

“व्हय.”

“सुईला सवय…” माई उठून उभी राहिली. पुन्हा बसली. “अरे बाबा, बोथट होते ती! खिळा ठोकल्यासारखं ठोकतोस त्या लेकराला, आणि सवय म्हणतोस?”

अंबादास शांत होता. गुरू रागावला की शिष्यानं शांत राहावं, एवढं त्याला येत होतं.

“डॉक्टरनं पोट बघितलं?”

“त्यांनी विचारलं, सुई नीट देता का. मी म्हणालो, माझ्याइतकी नीट कोण देतंय?”

“पोट बघितलं का, ते विचारते मी.”

“उमटलेला अंगारा, माई. दवाखान्यात उघडा करू?”

“गावाला दाखवलास!”

“ते श्रद्धेनं बघतात.”

यावर काय बोलायचं?  चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या.

मग अंबादास हळूच म्हणाला, “अंगारा तुमचाच हाय, माई. तुम्हीच दिलेला.”

…

“दिला,” माई म्हणाली. “कपाळाला लावायला दिला होता.”

ती ओट्यावरून उतरली. कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या होत्या. एक फांदी ओढून तिनं बोटभर लांब काटा मोडून घेतला आणि परत आली.

“पाय पुढं कर.”

“माई, तुम्ही माझ्या पायाला हात…?”

“कर म्हणते ना.”

त्यानं संकोचत पाय पुढं केला. टाच म्हणजे वाळलेलं चामडं, भेगाच भेगा. माईनं काट्याचं टोक टाचेवर ठेवलं आणि दाबलं.

“दुखलं?”

“नाही.”

तिनं आणखी दाबलं. काटा चांगला रुतला.

“आता?”

“काहीच नाही, माई.” त्याला मनातून बरं वाटत होतं. एवढ्या दिवसांच्या अनवाणी चालण्याची कुणीतरी दखल घेत होतं.

“बघ,” माई म्हणाली. “माझा हात किती हलका.”

पोरगी खुदकन हसली. अंबादासला हसण्यासारखं काय ते कळेना.

माईनं काटा उपटला आणि तळव्याच्या मधल्या खोलगट भागात टोचला. अगदी थोडासा.

“आई गं!” अंबादास जागच्या जागी उडाला. पाय दोन्ही हातांत धरून बसला. तळव्यावर रक्ताचा एक ठिपका आला.

“का रे? इतक्यात हात जड झाला माझा?”

…

“काटा तोच. हात तोच,” माई म्हणाली. “आता त्या टाचेवर वाटीभर तेल ओत आणि किती आत जिरतं ते मला सांग.”

अंबादास पाय चोळत राहिला. 

“म्हणजे… तो अंगारा नाही?”

“एकाच जागी टोचून टोचून सुजलंय ते पोट. कातडीखाली गादी झालीये. औषध जातं त्या गादीत आणि तिथंच लोळत पडतं. मनात आलं तर रक्तात उतरतं, नाहीतर नाही. तू म्हणतोस औषध हरलं, डॉक्टर म्हणतो अजून घाला, आणि मधल्यामध्ये ही वाळत चाललीये.”

“पण ती रडत नव्हती, माई.”

“तुझी टाच तरी कुठं रडली?”

त्यानं मान खाली घातली. पण शिष्य असा एका काट्यात सरळ होत नाही. त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात हट्ट.

“म्हणजे तुमच्या अंगाऱ्यात काही नाही, असंच ना?”

माई वळली आणि चुलीकडं गेली. येताना तिच्या हातात एक स्टीलचा डबा होता. ओट्यावर बसून तिनं तो उघडला. आत जाड पेनासारखं काहीतरी, कार्तिकीच्या पिशवीत असतं तसंच. माईनं त्याला नवी सुई लावली, टोक वर धरून एक थेंब हवेत उडवला, आकडा फिरवला, लुगड्याची कड बाजूला सारली आणि आपल्या पोटात सुई घातली.

अंबादासचं तोंड उघडंच राहिलं.

माईनं सावकाश सुई काढली. चोळाचोळ केली नाही. सुई सोडवून एका जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. बरणी आडवी केली तशा आतल्या सुया खडखडल्या.

“माई… तुम्हाला साखर?”

“का? मठात राहते म्हणून ती पायरीशी चपला काढून थांबेल?”

“पण तुम्ही तर अंगारा देता.”

“देते. लावते पण. कपाळाला अंगारा, पोटाला सुई. दोघांची आजवर भांडणं नाहीत.”

“लोकांना कळलं तर?”

“रोज जेवणाआधी ह्याच ओट्यावर घेते. सगळ्यांना ठाऊक हाय. तूच तेवढा गुरुवारी येतोस आणि डोळे मिटून बसतोस.”

कार्तिकी जवळ सरकली होती. डब्यात डोकावत तिनं विचारलं, “माई, तुम्हाला दुखतं?”

“कधी दुखतं, कधी नाही.”

“दुखलं की काय करता?”

“शिवी देते.”

“कुणाला?”

“समोर जो असेल त्याला.”

पोरगी पोट धरून हसली. आल्यापासून पहिल्यांदाच इतकी मोकळी. हसताना तिच्या गळ्याची हाडं दिसली आणि अंबादासनं मान फिरवली.

“मला सहन झालं नव्हतं, माई,” तो कुंपणाकडं बघत म्हणाला. “त्या पहिल्या दिवशी. ती मला म्हणत होती, पप्पा नको ना, पप्पा नको ना… आणि सुई माझ्याच हातात. तिच्या आईनं कान झाकून घेतले. मी कुठं जाऊ?”

माईनं डबा बंद केला. तो अंगारा पोरीसाठी होता की स्वतःसाठी, ते अंबादासलाही आता कळलं असावं. तो गुडघ्यात डोकं घालून बसला.

…

“ऊठ,” माई म्हणाली. “भाकरी गार होतायत. पोरीला जेवायचंय.”

तो ताडकन उठला. त्याला आता एकदम पुण्यवान व्हायचं होतं. पोरीची पिशवी ओढली, पेन काढलं, भराभर आकडा फिरवला. “मांडीत देतो. चांगल्या जागी. आत्ताच्या आत्ता.”

माईनं त्याच्या हातावर फटका मारला. पेन ओट्यावर पडलं.

“थांब शहाण्या! किती घेतलंस?”

“रोजचंच.”

“तो आकडा त्या गादीसाठी वाढवलेला! तो सगळाच्या सगळा चांगल्या जागी घातलास, तर साखर धाडकन खाली येईल आणि पोर इथं माझ्या ओट्यावर आडवं होईल. एवढे दिवस उपाशी मारलंस, आता बुडवून मारतोस? आधी डॉक्टरला फोन लाव.”

“डॉक्टरला काय सांगू?”

“खरं.”

अंबादासनं फोन काढला. नंबर लावला आणि उठून कुंपणाकडं निघाला.

“कुठं चाललास? हितं बस. पोरीसमोर बोल. आवाज मोठा ठेव त्याचा.”

तो बसला.

“हॅलो… डॉक्टरसाहेब, अंबादास बोलतोय. कार्तिकीचे वडील. ते… सुईचं जरा…” तो थांबला. माईकडं बघितलं. माई डाळीतले खडे बघत होती. “मी एकाच जागी देत होतो, साहेब. वर्षभर. तिथं गाठ आलीये. तुम्हाला दाखवली नाही. सुई पण तीच तीच वापरत होतो.”

 फोनमधून जे ऐकू आलं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

बोलून झाल्यावर डॉक्टर शांत झाले. पोरीला उलटी होतेय का, पोट दुखतंय का, धाप लागतेय का, हे विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, साखर मोजा आणि मला सांगा. अंबादासनं मशीन काढलं. पोरीनं स्वतःच बोट पुढं केलं. आकडा ऐकून डॉक्टरांनी औषध कमी करून सांगितलं आणि त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. गाठीला सुई लावायची नाही. पोट, मांडी, दंड, दर वेळी नवी जागा, मागच्या जागेपासून दोन बोटं लांब. जेवल्यावर दोन तासांनी पुन्हा मोजायचं, जवळ साखर ठेवायची, पोरगी थरथरली, घामानं भिजली की लगेच पाण्यातून द्यायची. औषध आत सोडल्यावर सुई झटकन ओढायची नाही, दहा मोजेपर्यंत आत ठेवायची. उद्या सकाळी घेऊन या, आणि उलटी सुरू झाली तर सकाळची वाट बघू नका.

“आणि अंबादासराव,” शेवटी आवाज आला, “सुई बंद वगैरे करायचं डोक्यात नाही ना तुमच्या?”

अंबादासनं पोरीकडं बघितलं. पोरगी त्याच्याकडंच बघत होती.

“होतं,” तो म्हणाला. “आता नाही.”

माईनं आपल्या डब्यातली कोरी सुई त्याच्यापुढं टाकली. त्यानं हात धुतले. सुई बसवली, एक थेंब हवेत काढला, सांगितलेला आकडा लावला आणि माईला दाखवला. मग सवयीनं त्याचा डावा हात खिशातल्या अंगाऱ्याच्या पुडीकडं गेला.

माई खाकरली.

त्यानं हात काढून घेतला. पुन्हा धुतला.

“बाळा, जागा तू सांग,” माई म्हणाली.

कार्तिकीनं बराच विचार केला. मग उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला बोट ठेवलं. “इथं. पण हळू, पप्पा.”

“हळू नाही,” माई म्हणाली. “सरळ.”

अंबादासनं सुई लावली. इथली कातडी जिवंत होती.

“आई गं… पप्पा! पप्पा, नको ना!”

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.  अंबादासचा अंगठा कसाबसा शेवटपर्यंत दाबला गेला, आणि हात लगेच मागं यायला लागला. माईनं वरून आपला पंजा ठेवला आणि त्याचा हात होता तिथंच दाबून धरला.

“माई, रडतीये ती…”

“दिसतंय.”

“माझ्यानं होत नाही, माई. काहीतरी द्या. एखादा मंत्र तरी द्या…”

“एक,” माई म्हणाली. “पुढचं तू म्हण.”